दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपलं काम: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांसाठी

तासाला पैसे देऊन बसायचे नेट कॅफे आपल्याकडे जवळजवळ संपले. पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम करायची वेळ काही कमी झाली नाही. ग्राम वन, पंचायतीतलं बापूजी सेवा केंद्र, नाडकचेरी, शहरातलं कर्नाटक वन ही सरकारी कामांची केंद्रं, कॉलेजची लॅब, कॉलेज रोडवरचं झेरॉक्सचं दुकान, लॉजच्या काउंटरवरचा पीसी, आणि उद्यमबागेतल्या लहान कारखान्यात सगळ्या शिफ्टनी मिळून वापरायचा तो एकच डेस्कटॉप. मी अशाच एका मशीन शॉपमध्ये बिलं, ई-वे बिल (मालाच्या गाडीसोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) आणि कागदपत्रं बघतो. गावी गेलो की शेजाऱ्यांचे अर्ज भरून देणं मागे लागतंच. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हा प्रकार पाहून झाला आहे.

जवळून पाहिलेल्या घोटाळ्यांत कुणी फार हुशारीने ‘हॅक’ केलंय असं क्वचितच दिसलं. कुणाच्या आधारची पीडीएफ डाउनलोड्समध्ये पडून होती, कुणाचं व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडंच राहिलं होतं, कुणी ओटीपी रांगेत उभ्या सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचून दाखवला होता.

आपल्या भागात यात भाषेची भर पडते. पडद्यावर कन्नड, ते वाचता येत नाही किंवा सावकाश येतं, मागे रांग खोळंबलेली. मग आपण फोनच काउंटरवर सरकवतो, ‘अण्णा, तुम्हीच बघा’ म्हणून. शिवाय सीमाभागातल्या माणसाची कागदं दोन राज्यांत फिरतात. पहाणी (इकडचा सातबारा) आणि उत्पन्नाचा दाखला इकडे, कॉलेज नाहीतर दवाखाना कोल्हापूर-मिरजेला, महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू झाल्यापासून त्याचेही अर्ज. म्हणजे झेरॉक्स दुप्पट, आणि ती ज्या कॉम्प्युटरवरून जाते तेही दुप्पट.

१. आधी ठरवा: हे काम तिथे करायलाच हवं का?

निम्मा धोका इथेच टळतो. दुसऱ्याच्या मशीनवर काही कामं करायचीच नाहीत, कितीही घाई असो: नेट बँकिंग, मुख्य जीमेलचा पासवर्ड बदलणं, डिजिटल सही, कंपनीचं जीएसटी लॉगिन. आधार डाउनलोड करणं, डिजिलॉकरमधून मार्कशीट काढणं, पीएफची शिल्लक बघणं ही कामं स्वतःच्या फोनवर होतात, तिथेच करा. फोनच्या ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ हा पर्याय चालू केला की बरीच सरकारी पानं नीट उघडतात. लॅपटॉप असेल तर दुकानाच्या वायफायपेक्षा फोनचा हॉटस्पॉट बरा.

मग उरतं काय? प्रिंट काढणं, निकाल बघणं, हॉल तिकीट घेणं, आणि केंद्रातूनच करावे लागणारे अर्ज. एवढ्यापुरतंच जा.

२. घरून निघताना काय घ्यायचं

- आधारशी जोडलेला मोबाइल नंबर ज्या फोनमध्ये आहे तोच फोन, पूर्ण चार्ज केलेला
- मास्क केलेल्या आधारची पीडीएफ किंवा प्रिंट
- मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, ओळख दाखवायला
- लहानसा स्वस्त पेन ड्राइव्ह, त्यात फक्त त्या दिवशी लागणारी फाइल
- फोटो आणि सही, अर्जात सांगितलेल्या केबीत (फाइलच्या आकारात) बसवून घरीच तयार केलेली
- अर्जांसाठी वेगळा ईमेल, ज्यात बँकेचं किंवा नोकरीचं काही येत नाही
- स्वतःचा चार्जर किंवा पॉवर बँक
- पेन

पहिल्या ओळीवर जरा थांबतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त अडतं ते तिथेच. पुष्कळ घरांत आधारला नंबर जोडलेला असतो पुण्यात कामाला असलेल्या मुलाचा किंवा नवऱ्याचा. आई खानापुरात काउंटरवर उभी, ओटीपी जातो हडपसरला, मुलगा कंपनीत. तो घाईत फोन उचलतो, आकडे सांगतो, आई ते मोठ्याने ऑपरेटरला सांगते. मेसेजमध्ये काय लिहिलं होतं ते तिघांपैकी कुणीच वाचलेलं नसतं. आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्यासाठी आधार केंद्रात एक चक्कर पडली तरी पुढची सगळी कामं सोपी होतात.

मास्क आधार म्हणजे ज्यावर शेवटचे चार आकडे दिसतात आणि आधीचे आठ झाकलेले असतात ते. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर डाउनलोड करताना तसा पर्याय निवडावा लागतो. २७ मे २०२२ ला यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढून आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क आधार वापरा, सायबर कॅफेत आधार डाउनलोड केलंत तर फाइल कायमची पुसा, असं सांगितलं होतं. लोक घाबरतील आणि भलताच अर्थ काढतील म्हणून केंद्राने ते दोनच दिवसांत मागे घेतलं. पत्रक गेलं, पण त्यातला सल्ला धरून ठेवण्यासारखाच होता.

आणि ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो. तुमचं नाव आणि वय माहीत असलेल्या कुणालाही तो जमतो, आणि गावात ते सगळ्यांनाच माहीत असतं.

घरीच करायची आणखी एक गोष्ट म्हणजे गूगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावणं. मग पासवर्ड कुणी उचलला तरी नुसत्या त्याने आत जाता येत नाही. गूगल आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहून घरात ठेवा, फोटो काढून फोनमध्ये नको. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच लॉगिन करायची सोय) लावली असेल तर पासवर्ड टाइपच करावा लागत नाही. पडद्यावरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करायचा आणि फोनवर बोट टेकवायचं. दोन्हीकडे ब्लूटूथ लागतं, त्यामुळे दुकानांतल्या जुन्या डेस्कटॉपवर हे बहुधा चालत नाही, हेही सांगून ठेवतो.

३. स्वतः मशीनवर बसत असाल तर

बसल्या बसल्या सीपीयूच्या मागे एक नजर टाका. कीबोर्डची वायर आणि तिचं भोक यांच्यामध्ये पेन ड्राइव्हएवढा जादा जोड लावलेला दिसला तर उठा. त्यात दाबलेली प्रत्येक कळ साठवता येते. पडद्याच्या कोपऱ्यात एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर हे दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर चालू असेल तर ते बंद करायला सांगा. दुकानदाराने दुरुस्तीवाल्यासाठी ठेवलेलं असतं, पण चालू असेपर्यंत दुसऱ्या टोकाला तुमचा पडदा दिसू शकतो.

आधी बसलेल्या माणसाचे टॅब उघडे असतील तर ते बंद करा. वाचत बसू नका, उद्या तिथे तुम्हीही असाल. मग क्रोममध्ये कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक करून ‘गेस्ट’ खिडकी उघडा, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबून इन्कॉग्निटो. खिडकी बंद केली की हिस्टरी आणि लॉगिन पुसलं जातं. तेवढंच. इन्कॉग्निटोमध्ये डाउनलोड केलेली फाइल डिस्कवर तशीच राहते, आणि कळा नोंदवणारं सॉफ्टवेअर असेल तर त्याला या खिडकीचं काहीच वाटत नाही.

पत्ता स्वतः टाइप करा. शोधून आलेल्या पहिल्या दुव्यावर क्लिक केलंत तर ती जाहिरात असू शकते. सरकारी साइटचा पत्ता पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो, त्या रेघेआधीच ‘डॉट कॉम’सारखं आणखी काही शेपूट असेल तर ती सरकारी नव्हे.

ब्राउझर कन्नडमध्ये असला तर एक घोटाळा हमखास होतो. पासवर्ड टाकल्यावर ‘जतन करू का?’ अशी पट्टी येते, ती वाचता येत नाही म्हणून लोक निळं बटण दाबून मोकळे होतात, आणि निळं बटण जतन करणारं असतं. ‘उळिसि’ म्हणजे ठेवा, ‘अळिसि’ म्हणजे पुसा. लिपीतही दोन्ही सारखेच दिसतात. खात्री नसेल तर फोनच्या गूगल लेन्सने ती पट्टी वाचून घ्या किंवा विचारा. पट्टीच्या कोपऱ्यातली फुली दाबणं सगळ्यात सुरक्षित.

रजिस्टरबद्दल थोडं. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार कॅफेवाल्याने ओळखपत्र बघून नोंद ठेवायची असते, आणि ती निदान एक वर्ष जपायची असते. कोणत्या साइट उघडल्या त्याची नोंदही तेवढीच. म्हणजे तुम्ही हिस्टरी पुसली तरी कॅफेची नोंद राहते, आणि ते कायद्याने बरोबर आहे. ओळखीसाठी आधारच पाहिजे असं मात्र नाही, मतदार ओळखपत्र, पॅन, लायसन्स चालतं. याच नियमांत दोन मशीनमधला आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नसावा असंही आहे. तुमच्या खांद्यावरून बघता येऊ शकतं हे त्यात गृहीतच आहे, तेव्हा पासवर्ड टाकताना जरा वाकून टाका. डोक्यावर सीसीटीव्ही असेल तर कीबोर्डवर दुसरा हात धरा.

४. ऑपरेटर बसलेला असेल तर

सीमाभागातल्या बहुतेकांची गाठ याच टप्प्याशी पडते. केंद्रावरची पोरं बहुतेक सरळ असतात, दिवसभर ‘सर्व्हर डाऊन’ ऐकवून ऐकवून वैतागलेलीही असतात. पण त्यांच्या मशीनवर रात्री कोण बसतं, त्यांचा फोन कुणाच्या हातात जातो, हे त्यांनाही सांगता येणार नाही. त्यामुळे माणसावर विश्वास असला तरी पुढचे नियम पाळायचे.

फोन हातातून सोडायचा नाही. ओटीपी आला की आधी मेसेज पूर्ण वाचा. तो कशासाठी आहे, कुठल्या संस्थेने पाठवलाय, रक्कम लिहिली आहे का. दाखल्याच्या अर्जासाठी बँकेचा ओटीपी येण्याचं कारण नाही. मग कीबोर्ड तुमच्याकडे घ्या आणि आकडे तुम्हीच टाका. कन्नडमध्ये म्हणायचं तर ‘ओटीपी नाने हाकतीनि’. एवढं म्हटलं तरी समोरचा समजतो. वाईट वाटून घेणारा क्वचितच भेटतो.

अर्जातला मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, हे सबमिट करण्याआधी बघा. हा सापळा फार जणांना ठाऊक नसतो. गर्दीत काम उरकायचं म्हणून काही ठिकाणी केंद्राचाच नंबर किंवा ईमेल टाकला जातो. अर्ज होतो, पावती मिळते, तुम्ही खूश. पण त्या पोर्टलवरचं तुमचं खातं आता दुकानाच्या फोनवर आहे. पासवर्ड बदलायचा झाला तर ओटीपी त्यांना जाणार. सेवासिंधू या कर्नाटक सरकारच्या अर्जांच्या पोर्टलवर स्वतःच्या नंबराने खातं आधीच काढून ठेवलंत तर हा प्रश्नच येत नाही. साइट इंग्रजीतही आहे, फोनवर सावकाश वाचत करता येतं.

अंगठा. बोट मशीनवर ठेवण्याआधी विचारा, ‘कशाला?’ आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारात अंगठ्याने पैसे निघतात, ओटीपी येत नाही, आणि एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम जाऊ शकते. ‘लागला नाही, परत ठेवा’ असं दोन-तीनदा झालं तर प्रत्येक वेळी पडद्यावर काय आलं ते बघा आणि बँकेचा मेसेज येतो का ते तपासा. पैसे काढायला गेला असाल तर छापील पावती घेतल्याशिवाय उठू नका. एरवीसाठी आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून बायोमेट्रिक (अंगठा-डोळ्यांची ओळख) लॉक करून ठेवा. मग कुणाकडे तुमच्या अंगठ्याचा ठसा असला तरी तो चालत नाही. रेशन दुकानात अंगठा द्यायचा असेल त्या दिवशी तात्पुरतं उघडायचं, थोड्या वेळाने ते आपोआप परत बंद होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं लॉक तुम्ही करून द्या, पण त्यांना सांगून. नाहीतर रेशनच्या रांगेत त्यांची पंचाईत होते आणि शिव्या तुम्हाला बसतात.

झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुठल्या कार्यालयासाठी, तारीख, सही. अक्षरं फोटोवर आणि नंबरावर थोडी चढली पाहिजेत, कोऱ्या कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. २०२३ मध्ये कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा केंद्रांवर आधार आणि रेशन कार्डांच्या झेरॉक्सचे नुसते ढीग लागले होते. त्यातल्या कुठल्या प्रतीचं पुढे काय झालं हे कुणी विचारलंही नाही. बिघडलेली, तिरकी आलेली प्रतही मागून घ्या आणि घरी चुलीत घाला.

५. प्रिंट काढताना

झेरॉक्सच्या दुकानात नेहमीची पद्धत म्हणजे भिंतीवर लावलेल्या नंबरावर फाइल व्हॉट्सअ‍ॅप करायची. सोयीचं आहे, म्हणूनच वाईट. त्या नंबरावर गावातल्या निम्म्या लोकांचं आधार, पॅन, पासबुक जमा झालेलं असतं. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलंत तरी कॉम्प्युटरवर उतरलेली प्रत जात नाही. आणि ‘एकदाच बघा’ ही सोय फोटोला आहे, पीडीएफला नाही.

त्यापेक्षा पेन ड्राइव्ह बरा, पण त्याचंही एक दुखणं आहे. शॉर्टकट व्हायरस झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे. पेन ड्राइव्ह परत आला की फायलींच्या जागी शॉर्टकट दिसतात, आणि तोच तुम्ही ऑफिसच्या मशीनला लावलात की तिथेही शिरकाव. म्हणून त्यात फक्त एक-दोन पीडीएफ ठेवायच्या आणि परत आल्यावर काहीही न उघडता फॉरमॅट करायचा. लग्नाचे फोटो आणि कंपनीचा टॅलीचा बॅकअप एकाच पेन ड्राइव्हमध्ये घेऊन झेरॉक्सला जाणारे मी पाहिलेत.

व्हॉट्सअ‍ॅपशिवाय इलाजच नसेल तर समोर उभं राहून प्रिंट होऊ द्या आणि मग सांगा, ‘फाइल डिलीट माड्री’. फोनमधली चॅट, कॉम्प्युटरवरचं डाउनलोड्स आणि रिसायकल बिन, तिन्ही ठिकाणची. स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप वेब त्यांच्या मशीनवर उघडायचं मात्र अजिबात नाही. एका प्रिंटसाठी तुमच्या सगळ्या गप्पा तिथे उतरतात.

मोठ्या डिजिटल झेरॉक्स मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि त्यात प्रतिमा राहू शकतात. त्यावर आपण गिऱ्हाईक म्हणून फार काही करू शकत नाही. मास्क आधार आणि वर लिहिलेली तारीख, एवढंच हातात.

६. उठण्याआधी, याच क्रमाने

प्रत्येक साइटवरून लॉगआउट करा. नुसता टॅब बंद केला म्हणजे लॉगआउट नव्हे. मग डाउनलोड्स आणि डेस्कटॉप बघा, तुमच्या फायली निवडून शिफ्ट दाबून डिलीट करा म्हणजे त्या रिसायकल बिनमध्ये जात नाहीत. स्कॅन केलं असेल तर स्कॅनरचा फोल्डर वेगळा असतो, तो विचारून घ्या. नेमका तोच राहतो. विंडोज की आणि व्ही दाबून क्लिपबोर्डची यादी उघडते का बघा. कॉपी केलेला खाते क्रमांक तिथे असतो, ‘क्लिअर ऑल’ करा. प्रिंटरच्या रांगेत अडकलेली प्रिंट असेल तर रद्द करा, नाहीतर तुम्ही बसस्टँडवर पोचता आणि इकडे ती बाहेर येते. शेवटी ब्राउझर पूर्ण बंद.

मग तिथेच उभं राहून फोनवर दोन गोष्टी बघा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’: अनोळखी काही दिसलं तर लॉगआउट. गूगल खात्यात ‘सिक्युरिटी’खाली ‘युअर डिव्हाइसेस’: त्या कॉम्प्युटरचं नाव अजून असेल तर साइन आउट. त्या मशीनवर एखादा महत्त्वाचा पासवर्ड टाकावाच लागला असेल तर घरी आल्यावर स्वतःच्या फोनवरून तो बदला.

७. कंपनीचं काम असेल तर

उद्यमबाग, मच्छे, निपाणीकडच्या लहान युनिटांत नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी हा भाग. तुमचं आधार गेलं तर त्रास तुम्हाला, पण गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग गेलं तर ऑर्डरच जाते. जॉब वर्क देणाऱ्या मोठ्या कंपन्या ड्रॉइंगबद्दल गोपनीयतेच्या करारावर सही घेतात, आणि इथे तेच ड्रॉइंग शॉप फ्लोअरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलेलं असतं. ग्रुपमध्ये गेल्या वर्षी नोकरी सोडून शेजारच्या युनिटला लागलेलाही असतो. सोडून गेलेल्या माणसाला त्याच दिवशी ग्रुपमधून काढा आणि त्याला ठाऊक असलेले पासवर्ड बदला. यात राग-लोभाचा प्रश्न नाही.

एका कॉम्प्युटरवर तिघं बसत असतील तर विंडोजमध्ये तीन वेगळे युजर करा. याला पैसे लागत नाहीत. चहाला उठताना विंडोज की आणि एल. पडद्याच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी काढा, गिऱ्हाईक ऑफिसात बसलं की त्याची नजर तिथेच जाते.

ई-वे बिल हे आपल्याकडचं रोजचं काम. माल कोगनोळी ओलांडून कोल्हापूरकडे गेला की राज्य बदलतं, आणि पन्नास हजारांवरच्या मालाला बिल लागतंच. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल पोर्टलवर सगळ्यांना दोन टप्प्यांची पडताळणी सक्तीची झाली. त्यावर लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे मालकाचा ओटीपी ट्रान्सपोर्टवाल्याला फोनवर सांगायचा. कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवल्यासारखं आहे ते. पोर्टलवर ‘सब-युजर’ काढता येतो. बिल करणाऱ्या माणसाला त्याचा स्वतःचा सब-युजर द्या, फक्त बिलाचे अधिकार ठेवा. मुख्य लॉगिन मालकाकडेच राहतं.

डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं यूएसबी यंत्र) अकाउंटंटच्या किंवा सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये पासवर्डसकट ठेवायची प्रथा आहे. त्या टोकनने केलेली सही कायद्याने तुमचीच सही. काम असेल तेव्हा द्या, समोर वापरा, परत घ्या. मालकाला हे सांगायला नवख्याला जड जातं, तर हा परिच्छेद दाखवा.

बाहेरगावी लॉजमध्ये कोटेशनची प्रिंट हवी असेल तर काउंटरच्या पीसीवर कंपनीचा मेल उघडू नका. फोनवर पीडीएफ करा, पेन ड्राइव्हमधून द्या.

काही निसटलं असं वाटलं तर आधी मालकाला सांगा, लगेच, घाबरून लपवू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपनीला ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. लहान युनिटवर एवढा दंड बसेल असं नाही, पण कामगारांची आधारं आणि पगारपत्रकं आपल्याकडेही असतात.

८. चार्जिंग आणि फुकटचं वायफाय

बसस्टँडवर, गाडीत यूएसबीचं भोक असेल तर त्यात थेट केबल घालू नका. स्वतःचा चार्जर विजेच्या सॉकेटला लावा. नाइलाज असेल तर फोन विचारतो तेव्हा ‘फक्त चार्जिंग’ निवडा. रेल्वे स्टेशनच्या वायफायवर बातम्या वाचा, गाडी कुठे आहे ते बघा. पैशाचं काम मोबाइल डेटावर. काम झालं की फोनमधून ते नेटवर्क ‘फर्गेट’ करा, म्हणजे फोन पुढच्या वेळी न विचारता जोडला जाणार नाही.

९. गडबड झालीच तर

पैसे गेले असतील तर आधी १९३०, सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. बँकेच्या शाखेत जाऊन रांगेत उभं राहण्यात वेळ घालवू नका. १९३० वर लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. त्याचबरोबर बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिलेला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून दोन्ही बाबतींत मिनिटं मोजायची.

आधारचा गैरवापर वाटला तर बायोमेट्रिक लॉक करा आणि १९४७ या आधारच्या हेल्पलाइनवर कळवा. यूआयडीएआयच्या साइटवर आधार कधी, कुठल्या प्रकारे वापरलं गेलं त्याची यादी दिसते, तिचा स्क्रीनशॉट घ्या. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल कनेक्शन आहेत ते बघा. आपलं नसलेलं सिम दिसलं तर तिथूनच ‘माझं नाही’ असं कळवता येतं. हे काही घडलेलं नसतानाही अधूनमधून बघायला हरकत नाही.

पोलिसांकडे जायचं तर बेळगाव शहरात सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी वेगळं सीईएन पोलीस ठाणं आहे. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार करता येते. निपाणीचा माणूस, बँक कोल्हापुरात, पैसे गेले तिसऱ्याच राज्यात, अशा वेळी ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर ऐकून परतू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असला तरी माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते.

भाषेचं म्हणाल तर संविधानाच्या कलम ३५० ने संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिलेला आहे. हक्क आहेच. तरी माझा अनुभव सांगतो: मराठी अर्जासोबत इंग्रजी किंवा कन्नड प्रत नेली की टेबलावरचा माणूस लगेच कामाला लागतो, आणि अशा प्रकरणात वाद घालायला वेळ नसतो. अर्जाला बँकेचं स्टेटमेंट, व्यवहार क्रमांक, आलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट, ज्या केंद्रावर काम केलं त्याची पावती आणि तारीख-वेळ जोडा. फोनमधले मेसेज पुसू नका. १९३० वर मिळालेला तक्रार क्रमांक अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा, बँक आणि पोलीस दोघंही आधी तोच विचारतात.